धाग्यावाचून विणलेले वस्त्र

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



यंदाच्या संमेलनात मी कोणत्या विषयावर बोलणार, अशी पृच्छा करणारे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा उत्तरादाखल मी ‘एल अनात्सुई यांचे चरित्र व कार्य’ एवढेच लिहून पाठविले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. मोठ्या अदबीने त्यांनी विचारले, ‘‘गुरुजी, हे गृहस्थ आपल्यापैकीच काय? कोणत्या गावचे?’’ मी म्हटले, ‘‘विणकराच्या घरचे आहेत. गाव अन्याको, जिल्हा मात्र आफ्रिकेत.’’ ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘विणकराच्या घरचे आहेत ना, मग हरकत नाही.’’ त्यांच्या या उदार निर्णयामुळेच मी आज आपणांसमोर उभा आहे.

मी काही विद्वान व्याख्याता नव्हे. चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकविली, एवढेच माझे भांडवल. माझे आजोबा खड्ड्याच्या मागावर लुगडी विणीत. वडिलांनी तो माग मोडला आणि दोन यंत्रमाग घेतले. मी हातात खडू घेतला, आणि माझी मुलगी संगणकाच्या नोकरीनिमित्त लंडनला गेली. चार पिढ्यांत आम्ही मागापासून किती दूर आलो याचा हिशेब मी कधी केला नव्हता. तो २०२४ सालच्या जानेवारी महिन्यात, मुलीकडे गेलो असताना, अकस्मात करावा लागला.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी विजेचे एक जुने कारखानाघर आहे. तेथे आता वीज तयार होत नाही. टेट मॉडर्न या नावाचे कलासंग्रहालय त्यात नांदते. ज्या दालनात पूर्वी वीज निर्माण करणारी प्रचंड चक्रे फिरत, ते दालन सुमारे १५५ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच आहे. आपल्याकडचा एखादा मोठा विणकामाचा शेड त्यात उभाच्या उभा ठेवला तरी वर आकाश उरेल. या दालनात दर वर्षी एखाद्या कलावंताला पाचारण करून काही मांडावयास सांगतात. या कलाप्रकाराला आपल्याकडे ‘मांडणशिल्प’ म्हणतात. मूर्ती जशी चौथऱ्यावर उभी राहते, तसे हे राहत नाही. ते जागेला व्यापून राहते, आणि पाहणारा त्याच्या आत शिरतो, त्याच्याभोवती फिरतो. १० ऑक्टोबर २०२३ ते १४ एप्रिल २०२४ या काळात तेथे अनात्सुई यांचे ‘बिहाइंड द रेड मून’, म्हणजे ‘तांबड्या चंद्रामागे’, हे मांडणशिल्प होते.

आत शिरताच समोर एक शीड दिसले. गलबताचे शीड वाऱ्याने फुगावे, तसे ते छताखाली फुगून राहिले होते, आणि त्यावर तांबडा चंद्र उमटला होता. पुढे हवेत तरंगणारे, जाळीसारखे पातळ असे कित्येक तुकडे होते. लांबून ते माणसांच्या आकृतींसारखे वाटत, आणि एका विशिष्ट ठिकाणी उभे राहिले की सर्व मिळून पृथ्वीचा गोल होई. अगदी शेवटी एक काळा पडदा, थेट जमिनीपर्यंत आलेला, तळाशी लाटांसारखा पसरलेला. मला वाटले, काय हे रेशीम! काय हा भरजरी पोत! जवळ गेलो तेव्हा कळले की तेथे रेशीम नाही, सूत नाही, लोकर नाही. दारूच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे होती ती. बुचे चेपलेली, दुमडलेली, पिळलेली, आणि तांब्याच्या तारेने एकमेकांस बांधलेली. अशी हजारो हजार.

आता आपल्या घरची एक खोड आपणांस ठाऊक आहे. इतर लोक कापड सुलट्या बाजूने पाहतात. आपण आधी उलटे करून पाहतो. धागा कोठे तुटला, गाठ कोठे मारली, काठ कसा धरला, हे उलट्या बाजूस लपत नाही. त्या काळ्या पडद्यापाशी जाताच माझे पाय आपोआप मागील बाजूस वळले. मागे पाहतो तो नाना रंगांची नुसती रांगोळी! समोर एकरंगी काळोख आणि पाठीमागे हा सोहळा. मी हात पुढे केलाच होता; तेथील रखवालदार मुलीने अत्यंत सौजन्याने मला थांबविले. माझी मुलगी तिला म्हणाली, ‘‘माझे वडील विणकर आहेत.’’ मी विणकर नाही, हे तिला माहीत होते. तरीही ती तसे का म्हणाली, हे मी तिला अद्याप विचारलेले नाही.

घरी परतल्यावर मी त्या कलावंताविषयी मिळेल ते वाचले. त्यातले सार आपणांस सांगतो.

एल अनात्सुई यांचा जन्म १९४४ साली अन्याको येथे झाला. पश्चिम आफ्रिकेतील घाना देश तेव्हा ‘गोल्ड कोस्ट’ या नावाने इंग्रजांच्या ताब्यात होता. तो स्वतंत्र झाला १९५७ साली. अन्याको हे केटाच्या खाजणाकाठचे गाव. लोक एवे जमातीचे. वडिलांचा उद्योग मासेमारीचा, आणि त्याच्या जोडीने विणकामाचा. भाऊही विणीत. वडिलांच्या बत्तीस अपत्यांत अनात्सुई सर्वांत धाकटे.

या एवे लोकांच्या विणकामाबद्दल दोन शब्द अधिक सांगितल्यावाचून मला राहवत नाही, आणि आपणही मला थांबविणार नाही अशी खात्री आहे. तेथे विणकाम हे परंपरेने पुरुषांचे काम. माग अरुंद, त्यावर कापडाची जी पट्टी निघते ती जेमतेम चार-सहा बोटे रुंद. परंतु ताणा लांबच लांब, विणकराच्या समोर अंगणभर पसरलेला. आणि तो ताठ राहावा म्हणून त्याचे टोक लाकडी फळीला बांधून त्या फळीवर दगड ठेवतात. कापड विणून जसजसे गुंडाळले जाते, तसतसा तो दगड धूळ काढीत विणकराकडे सरकत येतो. पायाखाली आपल्यासारख्या पावड्या नाहीत. दोऱ्यांच्या टोकांना लावलेल्या चकत्या पायाच्या बोटांत धरून ते ताण्याचे धागे वर-खाली करतात. अशा वीस-पंचवीस पट्ट्या कडेला कडा लावून शिवल्या, म्हणजे पुरुषाचे एक मोठे वस्त्र होते. जगात हे कापड ‘केन्टे’ या नावाने ओळखले जाते. एवे लोक त्याला ‘केटे’ म्हणतात. त्यांच्या कापडात पक्षी, प्राणी, घरगुती वस्तू अशी चित्रेही विणलेली असतात. अखंड एक वस्त्र विणावे ही आपली रीत. तुकडे विणावेत आणि जोडून मोठे करावेत ही त्यांची रीत. ही रीत कृपया ध्यानात ठेवावी.

या घरात जन्मूनही अनात्सुई मागावर बसले नाहीत. आई लहानपणीच वारली. ख्रिस्ती धर्मोपदेशक असलेल्या मामा-काकांपैकी एका नातलगाने त्यांना आपल्या घरी नेले. मिशनच्या आवारात ते वाढले, शाळेत शिकले. घरच्या ताण्याची धूळ त्यांच्या पायाला लागली नाही. पुढे कुमासी येथील विद्यापीठात त्यांनी शिल्पकला घेतली. शिक्षण सगळे विलायती वळणाचे. पाश्चात्त्य नमुने समोर ठेवून हात बसवावयाचा, आणि ज्या मातीवर आपण उभे आहोत तिची कला अभ्यासक्रमात शोधूनही सापडावयाची नाही. मी मुंबईस चित्रकला शिकलो तेव्हा याहून फार निराळे नव्हते, हे येथे नमूद करावेसे वाटते. अनात्सुई मात्र कुमासीतील सांस्कृतिक केंद्रात जात, आणि तेथील कारागीर, कोरीव काम करणारे, कापडावर ठसे उमटविणारे यांच्या सान्निध्यात वेळ घालवीत. विद्यापीठाने दिले नाही ते त्यांनी तेथून मिळविले. अकान लोकांच्या ठशांत ‘सांकोफा’ नावाचे एक चिन्ह आहे. ‘मागे जा आणि घेऊन ये’ असा त्याचा भावार्थ. या कल्पनेने त्यांच्या तरुण मनाची पकड घेतली.

पहिले महत्त्वाचे काम त्यांनी केले ते बाजारातल्या लाकडी परातींवर. तिकडच्या बाजारात बाया गोल लाकडी तबकांतून माल मांडून विकतात. अनात्सुईंनी ही तबके घेतली आणि तापलेल्या लोखंडाने त्यांवर ती जुनी चिन्हे उमटविली. म्हणजे सुरुवातीपासून या माणसाने संगमरवर मागितला नाही, ब्रांझ मागितले नाही. ज्या वस्तूला माणसाचा हात लागून ती गुळगुळीत झाली आहे, तीच त्यांना हवीशी वाटली. पुढे वापरून झिजलेली लाकडी उखळे, कसावाचे कंद किसण्याच्या गंजलेल्या किसण्या, दुधाच्या डब्यांची झाकणे, वर्तमानपत्रांच्या छपाईचे टाकून दिलेले पत्रे, असे काय काय त्यांच्या कामात आले.

१९७५ साली ते शेजारच्या नायजेरियात, न्सुक्का येथील विद्यापीठात अध्यापक म्हणून गेले, आणि २०११ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले. या दीर्घ शिक्षकीबद्दल मला विशेष आत्मीयता वाटते. जगप्रसिद्धी साठीनंतर आली; तोवर हा गृहस्थ हजेरीपट घेऊन वर्गात जात होता. न्सुक्क्यात त्यांनी मातीची फुटकी मडकी घडविली. मुद्दाम फुटकी! मडके फुटले म्हणजे संपले, असे शहरातला माणूस समजतो. आपल्या आजीला विचारा: खापरात विस्तव नेता येतो, कोंबडीला पाणी ठेवता येते, तुळशीच्या बुडाशी घालता येते. आफ्रिकेतही तसेच. मोडल्यावर वस्तूचे दुसरे आयुष्य सुरू होते, ही गोष्ट अनात्सुईंच्या सर्व कामाच्या मुळाशी आहे.

१९८० साली ते काही काळ अमेरिकेत होते. तेथे त्यांच्या हाती यंत्राची करवत आली. तिने लाकडाच्या फळ्या चिरून, जाळून त्यांनी अनेक शिल्पे केली. ती करवत लाकडावर जे ओरखडे ओढी, त्यांत त्यांना एक इतिहास दिसला. १८८४-८५ साली बर्लिनमध्ये युरोपातली राष्ट्रे जमली आणि त्यांनी आफ्रिकेची वाटणी पक्की केली. त्या भूमीवरील माणसांना कोणी विचारले नाही. स्वतः एवे जमातच आज घाना आणि टोगो अशा दोन देशांत विभागलेली आहे. १९९० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांची लाकडी शिल्पे मांडली गेली आणि त्यांना सन्माननीय उल्लेखही मिळाला. पण जगाने त्यांना खऱ्या अर्थाने ओळखावे, यास आणखी सतरा वर्षे लागावयाची होती.

१९९८ साली न्सुक्क्याजवळ, रस्त्याच्या कडेच्या झुडपांत, त्यांना एक टाकून दिलेली पिशवी आढळली. तीत दारूच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे होती. ती पिशवी त्यांनी उचलून आणली. आणली खरी, पण तिचे करावयाचे काय, हे काही सुचेना. कित्येक महिने ती कार्यशाळेत तशीच पडून होती. मग एकदा त्यांनी बुचे चेपून, भोके पाडून, तांब्याच्या तारेने एकमेकांस बांधून पाहिली. बुचाचा माथा निराळा, कडेची पट्टी निराळी. चेपले की एक आकार, दुमडले की दुसरा, पिळले की तिसरा. सोनेरी, तांबडा, काळा, पिवळा हे रंग कारखान्यातूनच लावून आलेले. आणि पाहता पाहता समोर जे उभे राहिले ते वडिलांच्या अंगणातले केटे होते. त्याचे त्यांनाही आश्चर्य वाटले असले पाहिजे. ‘मॅन्स क्लॉथ’ आणि ‘वूमन्स क्लॉथ’, पुरुषाचे वस्त्र आणि स्त्रीचे वस्त्र, अशा नावांची दोन आरंभीची कामे आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. पुढे या प्रकारच्या कामांचे जे फिरते प्रदर्शन निघाले त्याचे नाव ‘गावू’. एवे भाषेत ‘गा’ म्हणजे धातू आणि ‘वू’ म्हणजे अंगावर घ्यावयाचे वस्त्र.

लोक त्यांना वस्त्रकलावंत म्हणू लागले. ते स्वतःला शिल्पकार म्हणवितात, आणि ते बरोबरच आहे. तथापि पट्टी करावी, पट्टीला पट्टी जोडावी आणि वस्त्र वाढवावे, ही रीत त्यांना कोणत्या विद्यापीठाने शिकविली? जो मुलगा मागावर एक दिवसही बसला नाही, त्याच्या हातून वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ताणा-बाण्यावाचून वस्त्र उतरले. रक्तातून कला येते असे म्हणण्याचा माझा रोख नाही. तसल्या बोलण्याने आपल्या समाजाचे भले झालेले मला दिसले नाही. लहानपणी डोळ्याने जे पाहिले ते डोळ्यात राहते, एवढेच मी म्हणतो. बाकीचे त्यांनी तीस वर्षे घाम गाळून मिळविले.

आता बुचांविषयी. येथे समोर बसलेल्या काही वडीलधाऱ्या भगिनींच्या कपाळावर आठी दिसते, आणि ती रास्त आहे. बाटलीने आपल्या वस्तीत किती संसार उघड्यावर आणले, हे मी शिक्षक या नात्याने पाहिले आहे. पगाराच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी बापाची वाट पाहणारी मुले मला आजही आठवतात. दारूच्या बुचांचे कसले कौतुक, असे कोणी म्हणेल, तर त्याला मी उत्तर देईन की अनात्सुईंनीही कौतुक केलेले नाही. त्यांना ठाऊक होते की युरोपातले व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यांनी सोबत आणलेल्या मालात दारू होती, आणि त्या मालाच्या बदल्यात ते माणसे घेऊन गेले. गुलाम करून समुद्रापार नेलेल्या त्या माणसांकडून उसाचे मळे पिकवून घेतले, त्या उसापासून रम झाली, आणि रम पुन्हा व्यापारात आली. ज्या केट्याच्या परिसरात अनात्सुई वाढले, तेथे डेन्मार्कच्या लोकांनी १७८४ साली बांधलेला किल्ला आजही भग्नावस्थेत उभा आहे. त्यात गुलाम कोंडीत असत. लंडनमधले ते शीड गलबताचे का होते, हे आता आपल्या लक्षात आले असेल. शिवाय ज्या संग्रहालयात ते लावले होते, त्याला टेट हे नाव पडले ते हेन्री टेट या साखरेच्या व्यापाऱ्यावरून. हा गृहस्थ गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरच्या काळातला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण साखर ती साखरच.

आणि बंधूंनो, एक गोष्ट आपल्यालाही टोचणारी आहे. त्या व्यापारात जो माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरे, त्यात कापडाचा वाटा फार मोठा होता, आणि त्यातले पुष्कळसे कापड हिंदुस्थानात विणलेले असे. गुजरातचे असे, चोळमंडळ किनाऱ्याचे असे. माणसाची किंमत आपल्या देशाच्या कापडात मोजली गेली. ज्या विणकराने ते विणले त्याला याची गंधवार्ताही नसेल. तो बिचारा पाजणी करीत असेल, कांड्या भरल्या का म्हणून घरात विचारीत असेल. परंतु आपण विणलेले कापड कोठे जाते, हे विणकराला कधीच कळत नाही, ही गोष्ट त्या काळी खरी होती आणि आपल्या यंत्रमागांच्या बाबतीत आजही पुष्कळ अंशी खरी आहे.

२००७ साली व्हेनिसला अनात्सुईंच्या दोन प्रचंड वस्त्रांना मुख्य प्रदर्शनात जागा मिळाली, आणि त्याच वेळी तेथील फोर्तुनी राजवाड्याच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी एक वस्त्र सोडले. फोर्तुनी हे स्वतः कापडाचे नामवंत कारागीर होते. त्या वस्त्रात ठिकठिकाणी फाटल्यासारखी भोके होती आणि त्यांतून जुन्या वाड्याची वीट दिसे. त्यानंतर मानसन्मानांची रीघ लागली. २०१५ साली व्हेनिसचा जीवनगौरवाचा सुवर्णसिंह, २०१७ साली जपानचे प्रीमियम इम्पीरियाले; न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन म्यूझियम, लंडनची रॉयल अकादमी... यादी वाचीत बसलो तर भोजनाची वेळ टळेल.

त्यापेक्षा त्यांची एक पद्धत सांगतो. ही वस्त्रे कशी टांगावीत, याचा नियम ते घालून देत नाहीत. वस्त्राची घडी घालून ते पेटीत भरून पाठवितात. भिंतभर पसरणारे वस्त्र लहानशा पेटीत मावते. उघडल्यावर तेथल्या माणसांनी आपल्या भिंतीप्रमाणे, आपल्या नजरेप्रमाणे चुण्या पाडाव्यात, लाटा कराव्यात. दर ठिकाणी तेच काम निराळे दिसते. कलापंडितांना याचे मोठे नवल वाटते आणि त्यांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. आपल्या घरातील स्त्रियांना वाटणार नाही. नऊ वारांचे लुगडे घडीत असते तेव्हा त्याला आकार कोठे असतो? आजी नेसली की एक, आणि तेच सुनेने नेसले की दुसरे. बारशाला त्याच लुगड्याची झोळी होते. विणणाऱ्याने विणून दिले. पुढचे ज्याचे त्याने करावयाचे.

हे काम एकट्याच्या हाताने होणारे नाही. न्सुक्क्यातील कित्येक तरुण त्यांच्या कार्यशाळेत बसून बुचे चेपीत, तारेने बांधीत, आणि त्यांचे लहान-मोठे तुकडे तयार करीत. ते तुकडे जमिनीवर पसरून, छायाचित्रे घेऊन, पुन्हा हलवून, अनात्सुई रचना ठरवीत. यंत्राने हे झरझर करता आले असते. त्यांनी ते हातावरच ठेवले, कारण प्रत्येक हाताची गाठ निराळी पडते आणि ती त्यांना हवी होती. मला हे पटते. तरी एक शंका येथे नोंदवितो. लंडनच्या त्या दालनात भिंतीवरच्या फलकावर नाव एकाचे मोठे होते. ते न्याय्यही आहे, कारण कल्पना त्यांची. परंतु पैठणीवर विणकराचे नाव नसते आणि विकणाऱ्या दुकानाचे असते, हे ज्याने जन्मभर पाहिले आहे, त्याची नजर अशा फलकावर जरा जास्त वेळ रेंगाळते.

हाताच्या कामाचे गोडवे गाण्यासाठी मी उभा नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. हातमागाचे गोडवे गाणारे बहुतेक लोक त्या खड्ड्यात उतरलेले नसतात. माझे आजोबा पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपे तेव्हा पायाखाली फळी टाकून विणीत. चाळिशीत त्यांची नजर गेली, आणि खोकला अखेरपर्यंत सुटला नाही. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, आणि पुढे माझ्या वडिलांनीही तोच मार्ग धरला, तो शहाणपणाने धरला. माग मोडला त्या दिवशी आजोबांनी फक्त धोटा मागून घेतला. तो पुढे कित्येक वर्षे आमच्या देवघरात होता. मी लहानपणी तो होडी म्हणून पाण्यात सोडीत असे आणि त्याबद्दल मार खात असे.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, ते सांगतो. ते सांगणे मला सोपे नाही.

बारा वर्षांपूर्वी मी आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर होतो. त्या वर्षी एका मुलीचा अर्ज आला. घरी चार यंत्रमाग, तेही दुसऱ्याचे. वडील पाळीवर काम करीत. मुलीला मुंबईस चित्रशिल्पाच्या शिक्षणासाठी जावयाचे होते. अर्जासोबत तिने स्वतःच्या कामाची छायाचित्रे जोडली होती. मागावरून उरलेल्या सुताच्या गुंत्यांचे, टाकाऊ चिंध्यांचे आणि मोडक्या कांड्यांचे तिने काहीतरी उभे केले होते. छपराला टांगलेले, जमिनीपर्यंत लोंबणारे. समितीत कोणी हसले. कोणी म्हणाले, ‘‘हा तर आमच्या शेडमधला केर आहे.’’ कोणी म्हणाले, ‘‘मुलगी आहे, आणि कलेने पोट भरत नाही, गुरुजींनाच विचारा.’’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. साऱ्या समितीत चित्रकलेचा म्हणून मी एकटाच होतो. मी म्हटले, ‘‘हुशार मुलगी आहे, तिला डी.एड.ला जाऊ द्या, नोकरी तरी लागेल.’’ शिष्यवृत्ती त्या वर्षी अभियांत्रिकीच्या दोन मुलांस गेली. ती मुले चांगली निघाली. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

ती छायाचित्रे मी परत केली. त्यांतले एक मात्र माझ्या डोळ्यांपुढून गेले नाही. लंडनला त्या काळ्या पडद्यामागे उभा होतो तेव्हा तेच प्रथम आठवले. अनात्सुईंना रस्त्याकडेला पिशवी सापडली, तेव्हा ती केराची पिशवी आहे असे सांगणारे शेजारी त्यांनाही असतीलच. पण ते स्वतः प्राध्यापक होते. कोणाच्या अनुमतीची त्यांना गरज नव्हती. या मुलीला ती होती, आणि ती माझ्या हाती होती.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. डी.एड. झाली, लग्न झाले, आता परगावी असते. गेल्या दिवाळीत तिच्या वडिलांची भेट झाली. मी सगळे त्यांच्याजवळ बोलून दाखविले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, आता ते जाऊ द्या.’’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘ते टांगलेले होते ना, ते आम्ही दोन वर्षे काढलेच नव्हते शेडमधून. नंतर उंदरांनी खाल्ले.’’

यंदा समितीकडे पुन्हा एक अर्ज आलेला आहे. मुलगा आहे, विट्याकडचा. त्याला वस्त्ररचना नव्हे, शिल्पकलाच शिकावयाची आहे. मी आता समितीवर नाही. परंतु अध्यक्षमहाराजांनी मोठ्या मनाने मला पुढील रविवारच्या बैठकीस निमंत्रित म्हणून बसण्याची परवानगी दिली आहे. बैठक सकाळी दहा वाजता याच सभागृहात आहे. मुलाने आपले काम सोबत आणावे असे मी त्याला कळविले आहे. समितीच्या सभासदांनी ते उलट्या बाजूनेही पाहावे, एवढी माझी विनंती आहे.